राजा जयलक्ष्मीपुरमात, राणी गोकुलमात

रिटायर झालेल्या मास्तरणीच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. सत्काराच्या शाली आणि किस्से. शाली निदान थंडीत कुणाला तरी देऊन टाकता येतात. किस्से देऊन टाकले तरी आपल्याकडे उरतातच! शिवाय जुने सहकारी भेटले की प्रत्येक किश्श्याला नवं शेपूट फुटतं. परवा पुट्टस्वामी सर आले होते. आमच्या कॉलेजात ते कन्नड शिकवायचे. कॉफीचा पहिला घोट घेऊन म्हणाले, "मॅडम, त्या दोघा भावांचं कुणीतरी लिहायला हवं."

मी म्हटलं, "तुम्हीच लिहा की. भाषेचे प्राध्यापक तुम्ही."

"छे छे! मी कसा लिहिणार? मी त्यात फर्निचर होतो!"

ते फर्निचर कसे होते ते पुढे येईलच. म्हटलं, आपणच लिहून टाकावं.

*

म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं होतं, पण आमच्या कॉलेजच्या रबरी शिक्क्याला ते अजून कळलेलं नव्हतं, तेव्हापासूनची ही गोष्ट. कॉलेज जयलक्ष्मीपुरमात. आर्ट्सच्या सगळ्या विषयांना मिळून एकच स्टाफरूम. भिंतीवर युरोपचा एक नकाशा होता, त्यातले निम्मे देश केव्हाच मोडलेले. नवा मागवला तर "आधी जुना फाटू दे" असं ऑफिसचं उत्तर.

त्या नकाशाखाली दोन सख्खे भाऊ बसायचे. थोरले माधवराव, इतिहासाचे. धाकटे रघुराव, पोलिटिकल सायन्सचे. दोघं एकमेकांकडे पाठ करून, कारण त्यांचं बोलणं बंद होतं. घराणं आमच्यासारखंच, कितीतरी पिढ्या म्हैसुरात मुरलेलं. मराठी बोलायची, पण दर तिसरा शब्द कन्नड.

योग असा, की दोघांच्या सिलॅबसमध्ये एक धडा सारखा होता. पहिलं महायुद्ध संपल्यावर पॅरिसला जमून केलेला तह. तिथे अमेरिकेचे अध्यक्ष चौदा मुद्दे घेऊन आले होते. पुन्हा युद्ध नको, सगळ्यांना न्याय, सगळ्या देशांचा मिळून एक संघ. समोर फ्रान्सचे म्हातारे पंतप्रधान, ज्यांना त्यांच्या देशात वाघ म्हणत. त्यांनी आपल्या हयातीत जर्मन फौजा दोनदा घुसलेल्या पाहिल्या होत्या. त्यांचं म्हणणं, आधी भरपाई, आधी बंदोबस्त, मग गोड बोलणं.

माधवराव चौदा मुद्द्यांचे. वर्गात म्हणायचे, "हरलेल्याला जमिनीवर नाक घासायला लावलं ना, की तो उठताना हातात दगड घेऊनच उठतो."

रघुराव वाघाचे. "ज्याच्या गावात तोफ वाजलीच नाही, त्याला उदार व्हायला काय जातंय? ज्याचं घर जळलं त्याला विचारा की!"

मुलांनी नावं ठेवली ती ह्यावरूनच. एक चौदा मुद्दे, एक वाघ.

आणि मी? मी इतिहासातली ज्युनियर. माझ्या वाट्याला तहानंतरचा काळ. म्हणजे युद्ध आणि तह ह्यांच्याकडे, परिणाम माझ्याकडे! स्टाफरूममध्येही पुढे कामाची वाटणी तीच राहिली.

*

परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असे. तहाच्या दोन्ही विचारांची तुलना करा. मुलांची पंचाईत व्हायची, कारण बरीच मुलं इतिहास आणि पोलिटिकल सायन्स दोन्ही घ्यायची. सकाळच्या तासाला ती उदार होत, दुपारच्या तासाला कडक. मधल्या सुट्टीत काय होत असतील देव जाणे.

एकदा अंतर्गत परीक्षेच्या आधी एक मुलगी माझ्याकडे आली. हुशार होती, पहिल्या बाकावरची. म्हणाली, "मॅडम, तुलनेचा प्रश्न तयार आहे. दोन्ही बाजू पाठ आहेत. फक्त एकच डाउट आहे."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी खोलात गेलंय. "विचार."

"पेपर ह्या वेळी कोण तपासणार? अण्णा की तम्मा?"

कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, तम्मा म्हणजे धाकटा. सगळ्या कॉलेजात तेव्हा हाच डाउट होता!

*

आता युद्ध का झालं ते. इतिहासवाल्यांना सांगायला नको, की ठिणगी वेगळी आणि साठलेला दारूगोळा वेगळा. दारूगोळा नेहमीचाच: दोन जावा, एक चूल, एक न्हाणीघर. ठिणगी मात्र चप्पल!

जयलक्ष्मीपुरमच्या घरात दोघं भाऊ एकत्र राहायचे तेव्हाची गोष्ट. माधवरावांनी रस्त्यावरचं एक काळं कुत्रं सांभाळलं होतं, करिया. त्याला बांधायचं नाही हे माधवरावांचं तत्त्व. त्यांच्या बायकोचं, शारदक्कांचं, तत्त्व वेगळं: चपला उंबऱ्याच्या आत यायच्या नाहीत. पाहुणा असो की प्रिन्सिपॉल, बाहेर काढायच्या. ह्या दोन तत्त्वांच्या मध्ये एके सकाळी रघुरावांची नवीकोरी चप्पल सापडली. करियाने एक नेली. एकच. दुसरी सोडली.

त्या दिवशी रघुरावांना युनिव्हर्सिटीत पेपर वाचायचा होता. विषय, राष्ट्राराष्ट्रांतली शांतता! तो त्यांनी न्हाणीघरातल्या रबरी स्लिपर घालून वाचला.

घरी आल्यावर म्हणाले, "अण्णा, एक तर चप्पल भरून दे, नाहीतर कुत्रं बांध."

माधवराव म्हणाले, "रघू, त्या मुक्या जिवाला मालकी हक्क कळत नाही रे."

"त्याला कळत नाही, त्याच्या मालकाला कळतो ना?"

"चपलेवरून एवढं? सुम्ने, गप्प बैस की. मी त्याला समजावतो."

"कुत्र्याला?"

ह्यावर शारदक्का हसल्या. ते हसणं महागात पडलं. रघुराव त्यांच्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, चपला बाहेर काढायचा कायदा तुमचा, कुत्रं अण्णाचं, आणि अनवाणी मी! हा कुठला न्याय?"

हे वाक्य शारदक्कांनीच मला सांगितलं. वर म्हणाल्या, "खरं सांगू, त्याचं बरोबरच होतं बघ. पण तेव्हा मान्य कोण करणार?"

*

वाटणी झाली. माधवरावांनी जाहीर केलं, भांडण नको, तत्त्वाने जाऊ, सगळं समसमान. त्यांना खरंच वाटलं की आपण मोठं मन दाखवतोय. रघुराव म्हणाले, "समान म्हणजे समान हं, मग मागाहून रडायचं नाही." पातेली अर्धी, ताटं अर्धी, पुस्तकं अर्धी. एका इंग्रजी विश्वकोशाचे सुरुवातीचे खंड थोरल्यांकडे राहिले, शेवटचे धाकट्यांकडे गेले. त्यानंतर माधवरावांना झेब्र्याबद्दल काही हवं असलं तर युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जावं लागे.

शेवटी गोंब्यांची पेटी उघडली. म्हैसुरात दसऱ्याला घरोघरी पायऱ्या मांडून गोंबे, म्हणजे बाहुल्या, बसवतात. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी. काही घराण्यांत ही जोडी मुलीला लग्नात माहेराहून मिळते. भावांच्या घरातली जोडी त्यांच्या आईने आणलेली, रक्तचंदनाची, पिढ्यान्‌पिढ्या हळदीकुंकू लागून गुळगुळीत झालेली. आई जाताना सांगून गेली होती, घरात पहिली मुलगी होईल तिला ही द्यायची.

बाकीचे गोंबे वाटून झाले आणि तळाशी हे दोघं राहिले. आता इथे कुणीतरी "जाऊ दे, दोन्ही तू घे" म्हणायला हवं होतं. पण माधवराव तत्त्वाला बांधलेले आणि रघुराव हट्टाला. थोरल्यांनी राजा उचलला, धाकट्यांनी राणी.

शारदक्का म्हणतात, त्या वेळी दोघांचेही चेहरे पडले होते. कळलं होतं दोघांनाही.

राजा जयलक्ष्मीपुरमात राहिला, राणी गोकुलमच्या नव्या घरात गेली. तेव्हापासून दर दसऱ्याला दोन्ही घरी वरच्या पायरीवर एकच गोंबा. शेजारी पाट मांडलेला, रिकामा. मी दोन्हीकडे हळदीकुंकवाला जायची. दोन्ही घरी गोंबे सुरेख मांडलेले असत, आणि दोन्ही घरी माझी नजर त्या रिकाम्या पाटावरच जाई. हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

*

पुट्टस्वामी सर फर्निचर कसे झाले ते आता. त्यांची खुर्ची दोघा भावांच्या बरोबर मध्ये. सगळं बोलणं त्यांच्यामार्फत.

"पुट्टस्वामी सर, त्यांना सांगा, टाइमटेबलमध्ये माझा तास त्यांनी घेतलाय."

"पुट्टस्वामी सर, त्यांना सांगा, नीट बघा म्हणावं. मंगळवार आहे."

पुट्टस्वामी इकडून तिकडे मान वळवत. निरोप सांगायचीही गरज नसे, ऐकू सगळ्यांनाच जाई. पण त्यांनी मान वळवल्याशिवाय पलीकडून उत्तर येत नसे, असा शिरस्ता!

एकदा पुट्टस्वामींना ताप आला, ते रजेवर. आम्हा सगळ्यांना वाटलं, आज काय ते होईल. एक तर दोघं बोलतील नाहीतर काम अडेल. आम्ही कॉफी हातात घेऊन वाट बघतोय.

माधवरावांनी खाकरून घसा साफ केला. मधल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. म्हणाले, "पुट्टस्वामी सर, त्यांना सांगा, प्रिन्सिपॉलनी बोलावलंय."

रघुरावांनी थोडा वेळ जाऊ दिला. तेवढाच, जेवढा पुट्टस्वामींना मान वळवायला लागत असे. मग खुर्चीला म्हणाले, "सांगा त्यांना, येतो."

*

प्रिन्सिपॉलनी बोलावलं होतं ते कॉलेज डेच्या मारामारीसाठी. हॉस्टेलची मुलं आणि गावातली मुलं स्टेजवर कोण आधी चढणार ह्यावरून भिडली होती. तीन खुर्च्या आणि एक तबला कामी आला. चौकशी समितीवर दोघं भाऊ, आणि कागद सांभाळायला मी.

माधवराव म्हणाले, कुणाला दोषी ठरवू नका, दोन्ही गटांचं एक मैत्री मंडळ काढा, दर शनिवारी बसून चर्चा करू दे. रघुराव म्हणाले, हॉस्टेलवाल्यांनी सुरुवात केली, त्यांनी तबला भरून द्यावा, स्टेज झाडावं, पुढच्या वर्षी त्यांचा कार्यक्रम बंद. प्रिन्सिपॉलना दोघांनाही दुखवायचं नव्हतं. त्यांनी दोन्ही उपाय एकदम लावले!

म्हणजे हॉस्टेलच्या मुलांनी सकाळी शिक्षा म्हणून स्टेज झाडायचं, आणि संध्याकाळी त्याच स्टेजवर बसून मैत्रीची चर्चा करायची. मंडळाची पहिली बैठक भरली. अध्यक्ष कुणी व्हायचं ह्यावरून परत एक खुर्ची मोडली.

मला कुतूहल होतं, आता पुढे काय. परिणाम माझ्याकडे ना! दुसऱ्या शनिवारी मी मुद्दाम डोकावले. दोन्ही गट मांडी ठोकून बसले होते, एकाच पुड्यातले शेंगदाणे खात. मी धावतच स्टाफरूममध्ये आले आणि सांगितलं, समेट झाला! दोघंही भाऊ एकदम खूश. प्रत्येकाला वाटलं, आपलाच उपाय लागू पडला.

सोमवारी प्रिन्सिपॉलच्या टेबलावर अर्ज आला. दोन्ही गटांच्या सह्या. मागणी एकच: चौकशी समिती बदला.

*

रघुरावांच्या गोकुलमच्या घरी माडीवर एक भाडेकरू आला. योग शिकायला आलेला जर्मन मुलगा, नाव युर्गन. ही बातमी आली आणि नकाशाखाली खळबळ उडाली. एवढी वर्षं ज्या देशाचं काय करायला हवं होतं ह्यावर वाद चालला, त्या देशाचा माणूस सायकलच्या अंतरावर!

माधवरावांना राहवेना. खुर्चीमार्फत निरोप गेला, "पुट्टस्वामी सर, त्यांना सांगा, त्या मुलाला एकदा कॉफीला आणा." आणि काय आश्चर्य, रघुराव लगेच "सरि", म्हणजे बरं, म्हणाले. बोलणं बंद झाल्यापासून दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

युर्गन आला. झब्बा, अनवाणी, आमच्या फिल्टर कॉफीवर खूश. सगळी स्टाफरूम गोळा झाली. इकॉनॉमिक्सवाले तर तास सोडून आले. माधवरावांनी इंग्रजीत भलामोठा प्रश्न विचारला. सारांश असा, की तह इतका कडक नसता तर तुमच्या देशात पुढचं सगळं टळलं असतं की नाही? लगेच रघुरावांनी आपला प्रश्न जोडला, की तह आणखी कडक असता आणि नीट राबवला असता, तर टळलं असतं की नाही?

युर्गनने दोघांकडे नीट बघितलं. मग सावकाश म्हणाला, "आमच्या घरी जेवताना हा विषय काढायला आईची बंदी होती. काढला की आजोबा एका बाजूला, वडील दुसऱ्या बाजूला, आणि सूप गार. ते ऐकायला लागू नये म्हणून तर मी इतक्या लांब आलो."

सगळे हसले. त्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही दोघं एकमेकांचे कोण? भाऊ का?"

त्याला तोपर्यंत कुणीही सांगितलं नव्हतं.

*

एक छोटीशी आठवण, हिच्यात हसण्यासारखं काही नाही. करिया म्हातारा होऊन गेला. माधवराव त्या दिवशी उशिरा आले, डोळे लाल. बसले आणि म्हणाले, "पुट्टस्वामी सर, करिया गेला हो सकाळी." नेहमीचं "त्यांना सांगा" नव्हतं त्यात.

पुट्टस्वामींनी तरीही सवयीने मान वळवली. रघुराव पेपर वाचत होते. पान उलटलं नाही त्यांनी. थोड्या वेळाने त्यांची कॉफी आली, ती तशीच गार होऊन परत गेली.

त्यानंतर माधवरावांनी कुत्रं पाळलं नाही.

*

मग माधवरावांच्या वैदेहीचं लग्न ठरलं. घरातली पहिली मुलगी तीच. एकुलतीही तीच, कारण रघुरावांना मूल नव्हतं, आणि वैदेही लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून दसऱ्याची मिरवणूक बघायला गेलेली. मुलगा कडकोळच्या एका कारखान्यात इंजिनिअर. लग्न माघात. आजीच्या शब्दाप्रमाणे जोडी तिला द्यायची. राजा इकडे, राणी तिकडे!

मी मध्ये पडले. पुट्टस्वामींनी मला लगेच नाव दिलं, राष्ट्रसंघ. "सैन्य नाही, अधिकार नाही, नुसती पिशवी घेऊन फिरायचं," म्हणाले.

माधवरावांना विचारलं, "सर, राणी मागा ना."

"मागायची कशाला? आईने वैदेहीसाठी ठेवलेली वस्तू आहे. त्याला आपण होऊन सुचायला नको? न्याय मागून मिळवायचा असतो का?"

गोकुलमला गेले. रघुराव म्हणाले, "देतो की. आत्ता देतो. फक्त अण्णाने एकदा म्हणावं, चूक झाली. एवढंच. फुकटात माफी दिली की माणूस सुधारत नाही, मॅडम."

जयलक्ष्मीपुरमला परत. "चूक? माझी? मी तर सगळं समान वाटलं!"

परत गोकुलम. "तीच तर चूक."

पेट्रोल माझं जळत होतं. महिनाभर हे चाललं. आणि माझ्या मनात एकच प्रश्न यायचा: एवढे अभ्यासलेले दोघं, जगातला सगळ्यात गाजलेला तह ह्यांना कलमांसकट पाठ, मग हे इथेच का अडतात? आणि वैदेहीचं काय? मला खरोखर भीती वाटू लागली, की पोर रिकाम्या हाताने सासरी जाणार.

शेवटी वैदेही स्वतः काकाकडे गेली. काका-काकूंना नमस्कार केला, लग्नाचं सांगितलं. रघुराव विरघळले. आत गेले, राणीला नव्या टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आले. "घे, तुझीच आहे. तुला थोडीच अट घालणार मी?"

वैदेहीने हात मागे घेतले.

"मला नको, काका."

"नको? का गं?"

"राणी मी पिशवीतून नेणार नाही. नेली तर तुमचं दोघांचं तसंच राहील. घरी अप्पांनाही सांगितलंय, एकटा राजाही नेणार नाही. दोघं मिळून देणार असाल तर द्या, नाहीतर मी अशीच जाते."

आणि काकूने केलेली कॉफी पिऊन ती निघून गेली. हे मला काकूने फोनवर सांगितलं. सांगताना रडत होती.

त्यानंतर स्टाफरूममध्ये दोघंही गप्प. खुर्चीशीसुद्धा बोलेनात. पुट्टस्वामी मला हळूच म्हणाले, "मॅडम, मला काढून टाकलं वाटतं!"

*

आता शेवटचा किस्सा.

दसरा आला. वैदेहीचा माहेरचा शेवटचा. संध्याकाळी मी माधवरावांच्या घरी गोंबे बघायला गेले. आळीतल्या बायका जमलेल्या, पोरी प्रत्येक दारात ओरडत होत्या तसं इथेही ओरडून गेल्या, "गोंबे कूर्सिद्दीरा?" म्हणजे गोंबे मांडलेत का? शारदक्का सगळ्यांना कुंकू आणि चुरमुरे-चकलीचा खाऊ देत होत्या. वैदेही पायऱ्यांपाशी निरांजन लावत होती. वर राजा आणि शेजारी तो पाट. माधवराव कोपऱ्यात आरामखुर्चीत, पुस्तक उघडून. पान मात्र उलटत नव्हते.

फाटक वाजलं. रघुराव. एकटेच, छातीशी टॉवेलची गुंडाळी धरून. अंगण ओलांडून आले आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबले.

वैदेहीच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली, तिने फुंकर मारली.

मी सवयीने मधली खुर्ची शोधायला लागले. घरात ती नव्हती.

माधवराव उठले. चष्मा काढला, परत लावला. दारापर्यंत गेले. दोघं समोरासमोर, मध्ये उंबरा. कितीतरी वर्षांनी मी त्यांना पाठीऐवजी तोंडं एकमेकांकडे केलेली बघत होते. दोघांची नाकं अगदी सारखी आहेत हे मला तेव्हा दिसलं.

"अटी काय?" माधवरावांनी विचारलं. आवाज वर्गातला.

रघुराव म्हणाले, "काही नाहीत." मग टॉवेल सावरत म्हणाले, "आत ये म्हण, बस्स."

माधवरावांचे ओठ हलले. ज्या माणसाने आयुष्यभर उदारपणावर तासन्‌तास व्याख्यानं दिली, त्याला दोन शब्द जमेनात. रघुराव वाट बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली, राणी डाव्या हातात घेतली आणि वाकून चपलेचा पट्टा सोडायला लागले.

"रघू," माधवराव म्हणाले.

रघुरावांनी वर बघितलं.

"चपला बाहेर काढू नकोस. आत घेऊन ये. कुत्रं नेईल."

शेजारच्या काकू नव्याच राहायला आलेल्या. त्या भाबडेपणाने म्हणाल्या, "अय्यो, तुमच्याकडं कुत्रं कुठंय हो?"

शारदक्कांनी कुंकवाची वाटी वैदेहीच्या हातात दिली, आतून एक जुना पेपर आणला आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, दाराआड, नीट पसरून ठेवला.